घरकामाच्या मावशींची सुट्टी: हक्क की आपली मेहेरबानी?

कोथरूडकर
आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या वाद पेटलाय. एका घराने भांडीवाल्या मावशींचे तापाचे दिवस पगारातून कापले. बहुतेकांचं मत, योग्यच केलं. हीच मंडळी स्वतःची सिक लीव्ह कापली गेली तर एचआरला सोडत नाहीत.

माझं म्हणणं: महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या, आजारपण वेगळं, दिवाळीला एका पगाराचा बोनस. मागणी नवी नाही. 1980 साली पुण्यात मोलकरणींनी संप केला, त्याची ठिणगी आजारपणातल्या रजेवरूनच पडली होती. पुणे शहर मोलकरीण संघटना त्यातूनच उभी राहिली. आणि आपण अजून तापाचे दिवस मोजतोय!

हिशेबी_माणूस
वाचायला छान. ऑफिसात रजा आधी टाकावी लागते, साहेबाने मंजूर करावी लागते. इथे सकाळी साडेसातला फोन, "ताई, आज जमणार नाय." कधीकधी तोही नाही. दिवाळीचा बोनस घेऊन गावी गेलेल्या आमच्या मावशी तुळशीचं लग्न उरकल्यावर उगवल्या. घरात अंथरुणाला खिळलेली आई आहे. मी रजा टाकून भांडी घासली, माझा पगार कोण भरून देणार?

सहा_घरं
माझी आई सहा घरी धुणंभांडी करायची, म्हणून आतलं सांगतो. एका घराने रविवार सुट्टी दिली तरी ती सुट्टी नसते, कारण उरलेल्या पाच घरी जावंच लागतं. सगळ्यांनी एकच दिवस ठरवला तर बाई घरी बसणार. पण रविवारी पाहुणे येतात, भांडी तेव्हाच जास्त पडतात, मग रविवार कोण सोडतोय? आधी न सांगण्याचंही कारण ऐका. सांगितलं की "नेमकं याच आठवड्यात?" सुरू होतं. न सांगता बुडवलं तर बोलणी एकदाच खावी लागतात. बोनस म्हणून जुनी साडी आणि फ्रीजमधला उरलेला चिवडा आम्ही पुष्कळ पाहिलाय.

हिशेबी_माणूस
साडी-चिवड्याचं माझ्यावर नको. आमच्याकडे रोख देतात. बोलणी खाण्याचा मुद्दा मात्र पटला.

वकिलीण
कायद्यावर फार विसंबू नका. महाराष्ट्राचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 चा. त्यात नोंदणी आहे, कल्याणकारी मदत आहे. तुमच्या घरचा पगार आणि रजा किती, हे तो ठरवत नाही. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात घरकामगार येतात, एवढं लक्षात ठेवा. बाकी पगार, सुट्ट्या, बोनस कामाला लागतानाच कागदावर लिहा.

पेन्शनर_आजोबा
कागद! आमच्या मावशी सही म्हटली की धसकतात, कुठे अडकवताय म्हणून. आणि कोथरूडकर, तुमच्या घरी दोन पगार येतात. आम्ही दोघं पेन्शनवर. तेरावा पगार सक्तीचा केलात तर मी पोळ्या बंद करीन, डबा लावीन. मग त्या बाईचं भलं झालं का? नियम करणाऱ्यांनी माझ्यासारख्यांचाही विचार करावा.

कोथरूडकर
आजोबा, वर्षाचा एक जादा पगार म्हणजे महिन्याला पगाराचा बारावा हिस्सा बाजूला टाकायचा. तेवढंही झेपत नसेल तर काम कमी सांगा, ते चालेल. पूर्ण काम घेऊन पैशाच्या वेळी पेन्शनचं कारण पुढे करू नका. बोचरं वाटेल, पण हेच वाक्य कारखानदार बोलला असता तर आपण त्याला काय म्हटलं असतं?

हिशेबी, तुमची अडचण खरी आहे. त्यासाठी ठरलेली बदली बाई हवी, आणि तिच्या दिवसाचे पैसे आपण द्यायचे, मावशींच्या पगारातून नव्हे.

पेन्शनर_आजोबा
कारखानदाराला नफा असतो हो. मला गुडघेदुखी आहे.

सहा_घरं
बदलीचं जमतं. आईच्या वेळी माझी मावशी, म्हणजे तिची बहीण, जायची. फक्त घरवाले म्हणायचे, अनोळखी बाई नको.

हिशेबी_माणूस
आमच्या मजल्यावर चारही घरी एकच मावशी येतात. आज संध्याकाळी रविवारचं विचारतो. बोनसचं दिवाळीत बघू.