मदत हवी आहे: ड्युटी संपल्यावरही लोकेशन मागणारं हजेरीचं ॲप

गोव्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. हजेरी स्वतःच्या अँड्रॉइड फोनवरच्या ॲपमधून लागते आणि ते लोकेशन कायम सुरू मागतं. परवानगी 'ॲप वापरतानाच' केली किंवा अंदाजे लोकेशन दिलं तर हजेरीच पडत नाही. जीपीएस बंद केलं की एचआरचा फोन! ॲपबद्दलच्या कंपनीच्या इंग्रजी नोटिशीवर सगळ्यांच्या सह्या आहेत. सुटीच्या दिवसाबद्दल तिच्यात अवाक्षर नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार संमतीची नोटीस राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मागण्याची तरतूद आहे, म्हणजे मराठी-कोंकणी दोन्ही आल्या. पण त्याच कायद्यात नोकरीच्या कारणासाठी संमतीविना डेटा वापरायची सवलतही आहे, घोडं तिथंच अडलंय. वेगळा फोन परवडणारा नाही, नोकरीही टिकवायचीय. ही सवलत ड्युटीनंतरच्या लोकेशनला लागू होते का? आणि लेखी विचारणा आधी कंपनीकडे करावी की थेट पणजीला कामगार आयुक्तांकडे?