आईचा मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर, रिपोर्टमध्ये ग्रेड (आजार किती आक्रमक ते) नाही. कोणते स्टेन (गाठीच्या तुकड्यावरच्या रंग-तपासण्या) करून घ्यावेत?

कृष्णाकाठ:
नमस्कार. जाणकारांनी कृपया वेळ काढून वाचावं.
आई ५४ वर्षांची. गेल्या महिन्यात सांगलीत ऑपरेशन झालं. थायरॉइड पूर्ण काढली, शिवाय मानेतले काही लिम्फ नोड. रिपोर्ट: मेड्युलरी कार्सिनोमा, गाठ २.४ सेंमी, ११ पैकी ३ नोडमध्ये आजार. खाली कॅल्सिटोनिन पॉझिटिव्ह, सीईए पॉझिटिव्ह, क्रोमोग्रॅनिन पॉझिटिव्ह, थायरोग्लोब्युलिन निगेटिव्ह. तीन-तीन पॉझिटिव्ह बघून घरात सगळे हबकलेत. मामा म्हणतात, इतके मार्कर पॉझिटिव्ह म्हणजे आजार जोरात आहे. सर्जन म्हणाले, किती आक्रमक ते या रिपोर्टवरून सांगता येत नाही, हवं तर पुढचे स्टेन करून घ्या. नेमके कोणते? ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, अजून लॅबमध्येच आहे.

काचपट्टी:
मी पॅथॉलॉजीत २६ वर्षं काम केलं, आता निवृत्त आहे. मामांची भीती आधी दूर करा. तुम्ही लिहिलेले चारही स्टेन गाठ कोणत्या जातीची आहे ते सांगतात, किती वेगाने वाढते ते नाही. हा कॅन्सर थायरॉइडच्या सी पेशींतून उठतो आणि त्या पेशी कॅल्सिटोनिन हे संप्रेरक बनवतात, म्हणून तो स्टेन पॉझिटिव्ह येणं अपेक्षितच. उलट कॅल्सिटोनिन फिकट आणि सीईए हे दुसरं प्रथिन मात्र गडद असं चित्र दिसलं, तर आम्ही जास्त सावध होतो, कारण पेशी आपलं मूळचं काम विसरू लागल्याची ती खूण असू शकते. अमायलॉइड, म्हणजे या गाठीत साचणाऱ्या प्रथिनासाठीचा, काँगो रेड स्टेनही तसाच, निदानाला उपयोगी, वेग सांगायला नाही.
तुम्हाला हवा आहे केआय-६७. पेशी विभाजनाच्या चक्रात असली की हे प्रथिन तिच्या केंद्रकात असतं, विश्रांतीत असली की नसतं. केंद्रक तपकिरी झालेल्या पेशी शंभरात किती, तो आकडा.
पण एकट्या केआय-६७ वर ग्रेड ठरत नाही. अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या पाच केंद्रांच्या ३२७ रुग्णांवर बेतलेली ग्रेडिंगची पद्धत २०२२ मध्ये आली. तीन गोष्टी बघायच्या: गाठीत मेलेला भाग, म्हणजे नेक्रोसिस, आहे का, २ चौरस मिलिमीटरमध्ये ५ किंवा जास्त मायटोसिस, म्हणजे विभाजन होत असलेल्या पेशी, आहेत का, केआय-६७ ५% किंवा त्याहून जास्त आहे का. यातली एक जरी असली तरी हाय ग्रेड. त्या ३२७ पैकी साधारण चौथा हिस्सा हाय ग्रेड निघाला. पहिल्या दोन गोष्टी नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवरच दिसतात, त्याला वेगळा स्टेन लागत नाही. त्या लिहून द्या म्हणून तुम्ही मागणी करू शकता.

मंजिरी_ठाणे:
काकांनी सांगितलं त्यात एक भर, स्वतःच्या अनुभवातून. मी याच आजाराची रुग्ण आहे, सात वर्षं झाली. माझ्या पहिल्या रिपोर्टमध्ये 'केआय-६७ लो' एवढंच होतं, आकडा नव्हता. पुढे स्लाइड परळला टाटामध्ये नेल्या, तिथे बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉक पुन्हा तपासून देतात. तेव्हा कुठे आकडा हातात आला. तो मिळेपर्यंतचे तीन आठवडे मी झोपले नाही. म्हणून आकडा आणि किती पेशी मोजल्या, दोन्ही लिहून मागा.

काचपट्टी:
मंजिरीताई, अगदी बरोबर. सीमा ५% ची आहे, आणि नजरेने अंदाज घेतला तर ३ आणि ६ यांत गल्लत सहज होते. सगळ्यात जास्त तपकिरी दिसणारा भाग शोधायचा आणि तिथल्या किमान ५०० पेशी मोजायच्या. शेजारी लिम्फोसाइट, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, असतील तर त्याही तपकिरी होतात. त्या चुकून मोजल्या की आकडा फुगतो, विशेषतः नोडमधल्या तुकड्यावर. म्हणून मुख्य गाठीचा ब्लॉक निवडा. मायटोसिस मोजताना शंका आली तर पीएचएच३ नावाचा स्टेन मदत करतो, पण तो प्रत्येकाला लागत नाही.

पॅराफिन:
मी लॅब टेक्निशियन. जुन्या, न रंगवलेल्या कापलेल्या स्लाइड नेऊ नका, ब्लॉकच न्या. कापलेला तुकडा बरेच दिवस उघडा राहिला की रंग फिका येतो, ब्लॉक मात्र वर्षानुवर्षं टिकतो. लॅबमधून ब्लॉक नेताना नंबर रिपोर्टशी जुळवून घ्या आणि पोच द्या. आणि कळकळीने सांगतो, दिसेल तो मार्कर करून ब्लॉक संपवू नका. पुढे आरईटी या जनुकाची तपासणी त्याच तुकड्यावर करावी लागू शकते.

काचपट्टी:
हो, आरईटीचा मुद्दा मी आधीच लिहायला हवा होता. मेड्युलरी कॅन्सर असलेल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत या जनुकातला दोष जन्मजात असतो. म्हणून घरात कुणाला नसला तरी आईच्या रक्तातून आरईटी तपासणी करायलाच हवी. निघाला तर तुम्हा प्रत्येक भावंडात तो असण्याची शक्यता निम्मी. ऑपरेशनआधी अधिवृक्क ग्रंथीच्या फिओक्रोमोसायटोमा या गाठीसाठी तपासणी झाली होती का, तेही सर्जनना विचारा.
रक्तात दोष नाही निघाला तरी गाठीत तो नंतर आलेला असू शकतो. आजार पसरला तर सेल्परकॅटिनिबसारखी औषधं त्यावरच काम करतात. ब्लॉक जपायचा तो यासाठी.

कृष्णाकाठ:
मनापासून आभार. मामांना समोर बसवून काकांचा पहिला प्रतिसाद वाचून दाखवला. आणखी एक, शेजारच्या काकू म्हणतात की किरणोत्सारी आयोडीन द्यायला सांगा.

मंजिरी_ठाणे:
आपल्या आजारात ते चालत नाही. सी पेशी आयोडीन शोषतच नाहीत. आईला थायरॉक्सिनची गोळी लागेल, ती फक्त काढलेल्या ग्रंथीची भरपाई म्हणून.

कृष्णाकाठ:
अपडेट. ब्लॉक देऊन बारा दिवस झाले, आज रिपोर्ट आला. नेक्रोसिस नाही. २ चौरस मिलिमीटरमध्ये १ मायटोसिस. केआय-६७: ६१२ पेशींपैकी १९, म्हणजे ३%. शेवटी 'लो ग्रेड' असं स्पष्ट लिहिलंय. आईला सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा पोटभर जेवण केलं. आता पुढे काय?

काचपट्टी:
फार बरं वाटलं. लो ग्रेड असला तरी तीन नोड लागलेले होते, त्यामुळे पाठपुरावा सोडायचा नाही. ऑपरेशननंतर साधारण तीन महिन्यांनी कॅल्सिटोनिन आणि सीईए, दोन्ही रक्तातून, आणि दर वेळी एकाच लॅबमध्ये. कॅल्सिटोनिन वाढत गेलंच तर ते दुप्पट व्हायला किती काळ लागतो ते बघतात. सहा महिन्यांच्या आत दुप्पट झालं तर काळजीचं, दोन वर्षांहून जास्त लागले तर आजार संथ आहे. मोजलेला प्रत्येक आकडा तारखेसह एका वहीत ठेवा.

कृष्णाकाठ:
वही आजच घातली. पहिल्या पानावर ३% लिहिलंय. आरईटीसाठी आईचं रक्त सोमवारी देतोय. ते आल्यावर माझं आणि ताईचं, तिची मुलगी चार वर्षांची आहे.

काचपट्टी:
आईच्या तपासणीत दोष निघाला तर भाचीची तपासणी अजिबात लांबवू नका. काही प्रकारांत, उदाहरणार्थ ६३४ क्रमांकाच्या कोडॉनच्या, म्हणजे जनुकातल्या एका ठरावीक जागेच्या, दोषात, मुलांची थायरॉइड पाचव्या वर्षापर्यंत काढण्याचा सल्ला देतात. रिपोर्ट आला की कोडॉनचा क्रमांक इथे टाका.