मराठी शाळेत नवीन मुलांना कुठल्या वर्गात बसवायचं हे कसं ठरवता? आमची चाचणी सपशेल फसलीये

रविवारची_ताई

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत राहते, आमच्या इथे दर रविवारी अडीच तासांची मराठी शाळा असते, मी तिथे चार वर्षं शिकवतेय, म्हणजे शिकवते कसली, नोकरी सांभाळून जमेल तसं करते. आम्ही पाच जण आहोत, सगळे असेच. सप्टेंबरपासून नवीन वर्ष, या वेळी ४२ मुलं, वय ६ ते १४, आणि वर्ग चार.

आत्तापर्यंत वयाप्रमाणे बसवायचो. मागच्या वर्षी त्याचा बोजवारा उडाला म्हणून यंदा मी हौसेने २० प्रश्नांचा पेपर काढला. विरुद्धार्थी शब्द, वचन बदला, चित्राला नाव द्या, गाळलेल्या जागा, असं आपल्याला शाळेत असायचं तसं. जूनमध्ये सात-आठ मुलांवर करून बघितला आणि आता मीच गोंधळलेय.

एक मुलगी ९ वर्षांची, २० पैकी १७. मी खूश. मग सहज विचारलं काल काय केलंस गं, तर माझ्याकडे बघत राहिली आणि मग "मी आंबा खाल्ली" एवढं एकच वाक्य. आईने पेपरसारखे शब्द घरी पाठ करून घेतले होते. दुसरा मुलगा ११ वर्षांचा, पेपरात ३, कारण त्याला क सुद्धा वाचता येत नाही. पण तोंड उघडलं की थांबत नाही! "ताई काल ना मी मूव्ही वॉच केला आणि मग बाबा मला ओरडले कारण मी होमवर्क फिनिश नव्हता केला." आता या दोघांना कुठे बसवू? पेपराप्रमाणे मुलगी तिसऱ्या वर्गात आणि हा पहिल्यात, सहा वर्षांच्या पोरांबरोबर.

शिवाय दोन वर्षांपूर्वी नाशिकहून आलेली दोन भावंडं आहेत, ती घडाघडा वाचतात. आणि एक मुलगा ज्याचे बाबा गुजराती, त्याला सगळं समजतं पण उत्तर मात्र इंग्रजीत. हातात एकच रविवार आहे. कुणी असं काम केलंय का? कसं करता?

जर्मनवाली_पुणे

ताई, मी पुण्यात जर्मन शिकवते, १२ वर्षं झाली, आणि तुमच्या पोस्टमधली १७ मार्कवाली मुलगी माझ्याकडे दर बॅचला येते, फक्त वय २४ असतं आणि ॲपवर ४०० दिवसांची स्ट्रीक असते.

आधी त्या ११ वर्षांच्या मुलाबद्दल, कारण मला वाटतं तुम्ही त्याला कमी मोजताय. "मूव्ही वॉच केला" मध्ये शब्द इंग्रजी आहेत पण "मी... केला" बघा की. क्रियापद कर्माप्रमाणे चालवलंय, मूव्ही त्याच्या डोक्यात तो मूव्ही म्हणून केला. पुढे "बाबा ओरडले", आदरार्थी. "नव्हता केला" सुद्धा बरोबर बसवलंय. हा सांगाडा शिकवायला आम्हाला वर्षं लागतात हो. त्याला शब्द नाहीत आणि अक्षर नाही, एवढंच. मुलीकडे शब्द आहेत आणि सांगाडा नाही, आंबा खाल्ली. पेपर फक्त शब्द मोजत होता म्हणून निकाल उलटा लागला.

आमच्याकडे ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या चालतात, २००१ मध्ये युरोप परिषदेने त्या छापल्या, तेव्हापासून बऱ्याच देशांत तेच. पण लोक समजतात की माणूस एका पायरीवर उभा असतो. नसतो. एक पाय तिसऱ्या पायरीवर आणि दुसरा पहिल्या. म्हणून तर जर्मन शिकवणाऱ्या गटे संस्थेची बी१, म्हणजे तिसऱ्या पायरीची, परीक्षा चार वेगळ्या भागांत आहे, वाचन ऐकणं लिहिणं बोलणं, प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत आणि एक भाग राहिला तर तेवढाच परत देता येतो. याच्या उलट जपानीची परीक्षा, जेएलपीटी. त्यात बोलणं नाहीच, लिहिणंही नाही, फक्त पर्याय निवडायचे. माझ्या ओळखीत त्यातली एन३, म्हणजे मधली पातळी, पास झालेला मुलगा आहे, जपानी साहेब समोर आला की हा पाणी आणायला जातो.

तर तुमच्यासाठी, एक आकडा काढूच नका. दोन काढा. बोलण्याचा वेगळा, वाचण्याचा वेगळा.

बोलण्यासाठी पेपर नको, पाच-सहा मिनिटं गप्पा. अमेरिकेत तोंडी परीक्षा घेणारे जे करतात तेच, सोप्यापासून सुरू करायचं, जिथे मूल आरामात बोलतं ती त्याची जमीन, मग एकेक पायरी चढवायचं आणि जिथे डोकं आपटतं ते छत, आणि शेवटी परत सोपा प्रश्न विचारून हसत घरी पाठवायचं, हे शेवटचं विसरू नका. मराठीत मी असं लावीन: आधी नाव गाव घरी कोण कोण. मग एखादं चित्र, कोण काय करतंय. मग काल काय झालं ते सांग, इथे खाल्ला खाल्ली खाल्लं कळतं. आणि शेवटी "पाऊस पडला असता तर काय केलं असतंस?" इथे बहुतेकांचं डोकं आपटेल, आपटू दे.

ज्यांना वाचता येतं त्यांच्यासाठी एक गंमत सांगते. जर्मनीत १९८१ पासून एक प्रकार आहे, सी-टेस्ट म्हणतात. छोटा उतारा घ्यायचा, पहिलं वाक्य तसंच ठेवायचं आणि पुढे दर दुसऱ्या शब्दाचं अर्धं शेपूट पुसायचं. मराठीला तर हे फारच छान लागू पडतं कारण आपलं सगळं व्याकरण शेपटातच आहे. उदाहरणार्थ

आमच्या ओट्या\_\_\_ शेजाऱ्यांचं मां\_\_\_ रोज झो\_\_\_.

मांजर सगळे लिहितील. ओट्यावर कोण लिहितं आणि झोपते की झोपतं, एवढ्यावरून मूल कुठे आहे ते कळतं. दहा मिनिटांचं काम.

बाळूचे_बाबा

मी शिक्षक नाही, पालक आहे, त्यामुळे चुकलं तर सोडून द्या. पण मला दुसरी बाजू सांगायचीये.

आम्ही इंग्लंडमध्ये होतो तेव्हा माझा मुलगा १२ वर्षांचा आणि तिथल्या मराठी शाळेत अशीच काटेकोर परीक्षा घेऊन त्याला वाचता येत नाही म्हणून छोट्यांच्या वर्गात बसवलं. नियमाप्रमाणे बरोबर असेल. पहिल्या दिवशी त्याला कमळाचं चित्र रंगवायला दिलं. शेजारची मुलगी दात पडलेली, सहा वर्षांची, ती त्याला म्हणाली दादा तुला क येत नाही? झालं. तिसऱ्या रविवारपासून त्याच्या पोटात दुखायला लागलं ते दर रविवारी दुखलं आणि शेवटी आम्ही नाव काढलं. आज तो १९ चा आहे, मराठी बोलतो छान, वाचत अजून नाही.

त्यामुळे लेव्हल बिव्हल ठीक आहे पण पोरं रविवारची सकाळ कशासाठी घालवतात तर दोस्तांसाठी. वयाचा विचार सोडू नका एवढंच म्हणणं.

आणि हो, पालकांना "घरी मराठी बोलता का" विचारू नका, सगळे हो म्हणतात, आम्हीही म्हणालो होतो. त्यापेक्षा विचारा की आजीशी फोनवर बोलताना शेवटी आजीच इंग्रजीवर येते का. आमच्या आईचं इंग्रजी नातवामुळे इतकं सुधारलं!!

लोकल_मास्तर

मी मुंबईत मोठ्यांना मराठी शिकवतो, बँकवाले, बदली होऊन आलेले, सुना, जावई. माझ्याकडे उलटा लोचा. हिंदीवाल्यांना देवनागरी येते त्यामुळे ते पहिल्याच दिवशी पेपर वाचून दाखवतात आणि म्हणतात आम्हाला पुढच्या बॅचला टाका. अर्धं समजतं पण, त्यामुळे त्यांनाही खरंच वाटतं की येतं. मी दोन गोष्टी करतो. एक म्हणजे "चहात चमचा आहे" मोठ्याने वाचायला लावतो. चहाचा च आणि चमच्याचा च वेगळा हे ज्याने ऐकून मराठी शिकलंय त्यालाच येतं, ज्याने फक्त वाचलंय तो दोन्ही सारखेच म्हणतो. दुसरं, "डबा खाली आहे" म्हणजे काय विचारतो. रिकामा म्हणाला की समजायचं हिंदीच्या खिशातून मराठी चाललंय. शिक्षा म्हणजे एज्युकेशन म्हणणारेही असतात, त्यांना मी म्हणतो ती तुम्हाला माझ्या क्लासमध्ये मिळेलच 😄

ताई तुमच्या त्या गुजराती बाबावाल्या मुलाला हे लागेल कदाचित. समजतं पण बोलत नाही अशा मुलाला प्रश्न विचारून उपयोग नाही, तो इंग्रजीतच उत्तर देणार. त्याला काम सांगा. "टेबलाखालची निळी पिशवी घे आणि दाराजवळच्या काकूंना दे, पण आधी त्यातली पेन्सिल काढून मला दे." केलं बरोबर तर ऐकण्यात तो वरच्या वर्गातला आहे, तोंड उघडायला वेळ द्या.

अजून एक, पाच जण घेणार असाल तर पाचही जणांची फूटपट्टी वेगळी असते हे लक्षात ठेवा. एक ताई सगळ्यांना "गोड बोलतो हो" म्हणून वर चढवणार, एक काका अनुस्वारावरून खाली ओढणार. आधी दोन-तीन मुलांचं बोलणं पालकांना विचारून रेकॉर्ड करा आणि पाचही जणांनी एकत्र ऐकून आपापला नंबर कागदावर लिहा, एकमेकांना न दाखवता. मग भांडा. भांडण झाल्यावरच खरा रविवार घ्या.

जर्मनवाली_पुणे

मास्तर, चहात चमचा मी चोरणार आहे, उलट्या दिशेने. माझ्याकडे जर्मनचा त्स शिकवताना पोरं अडतात आणि मी रोज विसरते की तो चमच्यात आहेच.

बाळूचे बाबा, पटलं. वय मी लिहिलंच नाही, माझ्याकडे सगळे मोठे असल्यामुळे डोक्यात येत नाही.

रविवारची_ताई

आले परत, कालच झाला रविवार, आज अंग दुखतंय. सगळ्यांना मनापासून थँक्यू, जे केलं ते सांगते.

आधी फूटपट्टीचं. झूमवर तीन रेकॉर्डिंग ऐकली. त्या ११ वर्षांच्या मुलाला आमच्यातल्या एकाने चारपैकी १ दिला होता, "सगळं इंग्रजी बोलतो" म्हणून, आणि मी ४. मग मी तुमचं सांगाड्याचं वाचून दाखवलं. पाऊण तास वाद झाला पण नंतर काल मात्र आमचे नंबर बरेच जुळले.

काल पाच टेबलं, प्रत्येकाकडे आठ-नऊ मुलं, सहा मिनिटं एकेकाला. बाकीच्यांना दोन आयांनी चित्रं रंगवायला बसवलं. तासाभरात उरकेल म्हटलं होतं, दीड तास लागला, कारण एक तर मुलं बोलायला लागली की थांबत नाहीत आणि दुसरं म्हणजे पालक. एक बाई खिडकीबाहेर उभ्या राहून ओठ हलवून उत्तरं सांगत होत्या, शेवटी पडदा ओढला.

पावसाच्या प्रश्नावर खरंच सगळे आपटले, नाशिकची दोघं सोडून. एकाने मात्र कमाल केली, म्हणाला "पाऊस पडला तर आजी भजी करते, पण आजी इथे नाही." व्याकरणाने अर्धंच उत्तर, पण मी त्याला पूर्ण मार्क दिले, बोला काय बोलायचं ते.

पिशवीचं काम त्या मुलाला सांगितलं. त्याने पिशवी घेतली, पेन्सिल काढली, मला दिली, पिशवी काकूंना नेऊन दिली आणि परत येताना पहिल्यांदा मराठीत बोलला, "झालं." एवढंच. त्याला बोलण्याच्या दुसऱ्या गटात टाकलाय.

१७ मार्कवाली मुलगी वाचनात खरंच चांगली आहे, शेपटाच्या उताऱ्यात तिने ओट्यावर बरोबर लिहिलं, पुढे मात्र झोपते. आणि माझं स्वतःचंही एक अज्ञान उघडं पडलं, उतारा मीच लिहिला होता आणि एका ठिकाणी दोन उत्तरं बरोबर येत होती, नाशिकच्या मुलीनेच दाखवून दिलं.

तर आता ठरलंय असं की पहिला तास बोलण्याच्या गटाप्रमाणे, मग खाऊची सुट्टी, मग दुसरा तास वाचण्याच्या गटाप्रमाणे, मुलं खोल्या बदलतील. एकच मूल एका तासाला वरच्या वर्गात आणि दुसऱ्या तासाला खालच्या, म्हणजे कुणी कायमचा ढ नाही. बाळूचे बाबा, तुमचं वाचून दहा वर्षांपुढच्या अक्षर न येणाऱ्या सात जणांचं वेगळं टेबल केलंय. तिथे कमळ नाही, त्यांना क्रिकेटपटूंची नावं, दुकानाच्या पाट्या आणि स्वतःचं नाव इथून सुरुवात. सहा आठवड्यांनी परत बघू कोण कुठे हलवायचं ते, हे पालकांना आधीच सांगून ठेवलंय.

एकच अडचण उरलीये. पाच जण, आणि दुसऱ्या तासाला टेबलं सहा. मूव्ही वॉच करणाऱ्याच्या आईला विचारलंय, त्या म्हणाल्या मला जोडाक्षरं शिकवायला जमणार नाही. म्हटलं जोडाक्षरं डिसेंबरात येतील, तुम्ही सप्टेंबरात या.

लोकल_मास्तर

उताऱ्यात दोन उत्तरं कुठे येत होती ते टाका ना इथे, मला माझ्या बँकवाल्यांना द्यायचाय.

रविवारची_ताई

"आजीने पातेल्यात दू\_\_\_ तापवलं" असं होतं. मला दूध हवं होतं, नाशिकच्या मुलीने दूधच लिहिलं, पण पुढच्या वाक्यात "मग तिने सा\_\_\_ काढली" तिथे मला साय हवी होती आणि तिने लिहिलं साखर. म्हणाली ताई, आजी डब्यातून साखर काढते की.