मदत हवी आहे: पुरानंतर गाडीच्या पत्र्याला गंज, घरी करता येईल का? (बडोदा)

कारेलीबागवाली

नमस्कार मंडळी. आमची सिल्व्हर हॅचबॅक आहे, २०१२ चं मॉडेल. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाणी अर्ध्या दारापर्यंत चढलेलं. इंजिनचं काम इन्शुरन्समध्ये झालं, सीटा धुतल्या, कार्पेट वाळवलं, गाडी चालू झाली आणि सगळे विसरून गेले. आता या पावसाळ्यात मागच्या डाव्या चाकावरच्या कमानीला रंगाखाली फोड आलेत, पापड भाजताना येतात ना अगदी तसे, एक नखाने उचकटला तर खाली तपकिरी भुगा. आणि मागच्या उजव्या दाराची खालची कड खरखरीत झालीये, फडकं फिरवलं की अडकतं.

डेंटिंग-पेंटिंगवाल्याने दोन्हीचे साडेनऊ हजार सांगितले, वर म्हणे "बेन, लापी भरीने कलर मारी दईश, नवी जेवी", म्हणजे लापी (खड्डे-भोकं बुजवायची पुट्टी) भरून रंग मारून देतो, नव्यासारखी. मिस्टर म्हणतात विकून टाक. पण सासऱ्यांना दवाखान्यात न्यायला हीच बरी पडते, सीटची उंची त्यांना जमते, त्यामुळे विकायची नाहीये. घरी मला ड्रिल, पॉलिश पेपर वगैरे वापरायची सवय आहे, फर्निचर मीच रंगवते. तर हे जमण्यासारखं आहे का, आणि नवरात्रीच्या आधी उरकेल का?

झटपट_उपाय

ताई, कोकवाली बाटली ओता आणि चांदीच्या फॉइलने घासा, यूट्यूबवर बघा, चकाचक. साडेनऊ हजार कशाला घालवता.

पत्रा_आणि_मी

कोकमध्ये फॉस्फोरिक ॲसिड असतं हे खरं पण अगदी कमी, सायकलच्या हँडलवरचा वरवरचा डाग जाईल. इथे गंज रंगाच्या खालून आलाय, त्यावर साखरपाणी ओतून मुंग्या येतील फक्त.

ताई, रंगाचं नंतर, आधी खाली काय शिल्लक आहे ते बघा. फोड वर दिसतो रुपयाएवढा तर खाली गंज बहुतेक वेळा त्याच्याहून बराच मोठा पसरलेला असतो. बोथट स्क्रूड्रायव्हर घ्या आणि फोडाच्या भोवती टोचत जा, जोर लावून. चांगला पत्रा टणटण वाजतो, गेलेला भद् वाजतो नाहीतर आरपार जातो. आणि फ्रिजवरचा मॅग्नेट फिरवून बघा, जिथे चिकटत नाही तिथे आधीच कुणीतरी जाड लापी भरून ठेवलीये. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर हे हमखास निघतं.

दाराचं म्हणाल तर खालच्या कडेला बाहेरचा पत्रा आतल्यावर दुमडलेला असतो आणि त्या दुमडीच्या जवळ पाणी निघायला बारीक भोकं असतात. काचेवरून उतरलेलं पाणी रोज दाराच्या आत जातं आणि तिथूनच बाहेर पडतं. पुराचा गाळ त्यात बसला असेल तर दार म्हणजे पाण्याची टाकी, वरून कितीही रंग मारा, पुढच्या पावसाळ्यात परत या इथेच.

कारेलीबागवाली

@पत्रा_आणि_मी दादा, केलं. दाराची भोकं दाभणाने मोकळी केली तर काळा गाळ घळाघळा आला, वासासकट!! वरून तांब्याने पाणी सोडलं, आता खालून धार येते. कडेचा पत्रा टोचून बघितला, घट्ट आहे. पण कमानीला मात्र स्क्रूड्रायव्हर आत गेला, मधल्या फोडात, आणि आतून ओली माती पडली. 😞 गाडी नवीच घेतलेली आमची, मॅग्नेट सगळीकडे चिकटतो.

पत्रा_आणि_मी

मग काम दोन भागात करा. दार तुम्ही, कमान गॅरेजवाला.

दाराला: आधी वायर ब्रशने पोपडे काढा, मग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने स्वच्छ चमकता पत्रा लागेपर्यंत घासा आणि कडेचा शाबूत रंग १८०, ३२० ने उतरता करत न्या, बोटाला पायरी लागता कामा नये. खड्ड्यांमध्ये काळे ठिपके राहतातच, तिथे रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचं रसायन) ब्रशने लावा, गंज काळा पडतो. डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण वाळू द्या. पण पोपडे तसेच ठेवून वर कन्व्हर्टर ओतलात तर तो पोपड्यांनाच काळं करेल, पत्र्याला काही नाही. मग टू-पार्ट एपॉक्सी प्रायमर (दोन भाग मिसळून लावायचं अस्तर), ब्रशने लावलात तरी चालेल, दुमडीत चांगला जिरवा. लापी लागलीच तर प्रायमरवर आणि पातळ. ती पाणी शोषते, उघडी ठेवून गाडी पावसात नेऊ नका.

रंगाचा कोड गाडीच्या स्टिकरवर असतो, त्यावरून स्प्रे कॅन बनवून मिळतो. सिल्व्हर हा सगळ्यात वाईट रंग बरं का मॅच करायला, हाताच्या वेगाने सुद्धा शेड बदलते. दाराची खालची कड आहे म्हणून चालून जाईल. हार्डनरवाला टू-के रंग मात्र घरात स्प्रे करू नका, त्यात आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला घातक, साधा कापडी मास्क काही कामाचा नाही.

दांडियाबाजार_७५

आणि हे गणपतीचे दिवस बघता का, आपल्याकडे हवा किती दमट आहे. अशा हवेत कॅनचा रंग मारला की वाळताना पांढुरका पडतो, मी टाकीवर मारलेला असाच गेला. प्रायमर लावून ठेवा, रंग नवरात्रीनंतर कोरडं ऊन पडलं की दुपारी. गरब्याला गाडीकडे कोण बघतंय.

कारेलीबागवाली

😂 बरं, मग दार मी करते. कमानीला त्याला नेमकं काय सांगू? तो लापीवरच अडून बसलाय.

पत्रा_आणि_मी

सांगा की सडलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचा आणि नवीन पत्र्याचा तुकडा वेल्ड करायचा. भोकात जाळी आणि लापी नको. तिथे आतला आणि बाहेरचा पत्रा कडेला एकत्र येतात, मधे चिखल बसतो, तो काढल्याशिवाय काही बंद करायचं नाही. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढायला लावा आणि आतलं कापड, कार्पेट, फोम बाजूला करायला लावा. पेट्रोल भरायचं झाकण त्याच डाव्या बाजूला असेल तर नळी कमानीच्या मागूनच जाते, हे आधी विचारा, "खबर छे बेन" म्हणाला तरी दाखव म्हणा. शेवटी आतून कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पत्र्याच्या पोकळीत मारायचं गंजरोधक मेण.

भाव जास्त सांगेल, सांगू दे. फक्त पैसे देण्याआधी वेल्ड झालेल्या पत्र्याचा फोटो मागा, लापी लागायच्या आधीचा. त्याला वेल्डिंग येत नसेल तर तो तिथेच टाळाटाळ करेल, मग सरळ दुसरा माणूस बघा.