माळ्यावरून उतरवलेला रूम हीटर कसा साफ करावा?

सत्तरीकर:
वाळपईच्या बाजूला पहाटे गारठा पडू लागलाय. घरात वयस्कर माणसं आहेत, म्हणून २००० वॉटचा ब्लोअर हीटर माळ्यावरून काढला. जानेवारीपासून गोणपाटात होता. मागच्या जाळीवर धुळीचा थर, कोळिष्टकं, आणि आत तारेच्या वेटोळ्यांवरही कापसासारखं काहीतरी दिसतंय. ओल्या फडक्याने पुसू की उघडू? तसाच लावला तर वास आपोआप जाईल का?

फोंडा_वायरिंग:
तसाच लावू नका. वेटोळ्यांवरची धूळ जळून वास जातो, पण मुख्य धोका मागच्या जाळीचा. ती तुंबली की पंख्याला हवा ओढता येत नाही, तार लालबुंद होते आणि भोवतालचं प्लॅस्टिक तापतं. मग आतला थर्मल कटआउट हीटर बंद करतो, गार झाला की पुन्हा चालू करतो. दर थोड्या वेळाने बंद पडणारा हीटर लोक बिघडला म्हणून टाकतात. बरेचदा जाळीच तुंबलेली असते.

आधी प्लग काढा. नुसता स्विच बंद करणं पुरेसं नाही, जुन्या वायरिंगमध्ये तो फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेला सापडतो, म्हणजे बंद करूनही आत वीज राहते. मग दीड इंची कोरड्या रंगाच्या ब्रशने मागची जाळी झाडा आणि व्हॅक्यूमची नळी शेजारीच धरा, म्हणजे धूळ आत न जाता बाहेर ओढली जाईल. हवा मारायची तर पुढून मागे. त्या वेळी पंखा गरगरा फिरू देऊ नका. जाळीतून झाडूची हीर घालून पातं अडवा आणि नंतर हीर अख्खी बाहेर आली का ते बघा. वेटोळ्यांना ब्रश लावू नका. तापून तापून नायक्रोमची तार ठिसूळ होते, आणि ती ज्या अभ्रकाच्या पट्ट्यांवर असते त्यांचे पापुद्रे सहज सुटतात.

घट्ट पिळलेलं फडकं फक्त बाहेरच्या अंगाला. गंज काढायचे स्प्रे अजिबात नकोत, ते पेट घेतात. जाळीबाहेरून झाडून भागतं, उघडायची गरज सहसा पडत नाही.

डिचोलीकरीण:
आपल्याकडे धुळीपेक्षा ओल जास्त नडते. काही हीटरमध्ये तार उघडी नसून धातूच्या नळीत असते, भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड. पावसाळ्यात ती पूड ओल धरते आणि लावताक्षणी आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. म्हणून साफ केल्यावर दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा. तरीही पडला तर वायरमनकडून मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून घ्या. आरसीसीबी वगळून हीटर चालवणं म्हणजे जिवाशी खेळ.

जाळीच्या कोपऱ्यात कुंभारीण माशीचं मातीचं घर आहे का तेही बघा. प्लगच्या पितळी पिना हिरव्या झाल्या असतील तर बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा. २००० वॉट म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ ८.७ अँपिअर, १६ अँपिअरचंच सॉकेट हवं, एक्स्टेन्शन बोर्ड नको.

सत्तरीकर:
आभार. दुसरा दोन दांड्यांचा क्वार्ट्‌झ हीटरही आहे.

फोंडा_वायरिंग:
त्याच्या दांड्यांना उघडं बोट लावू नका. घामातलं मीठ काचेवर राहतं, तापल्यावर तिथे पांढरा डाग पडतो आणि पुढे तडा जातो. पूर्ण गार असताना मऊ कोरड्या सुती फडक्याने पुसा. मागचा चकचकीत पत्राही तसाच, घासू नका.

दोन्ही हीटर पहिल्यांदा बलकांवात (घरापुढच्या ओसरीत) लावा, ब्लोअर कमी वॉटवर, १५ मिनिटं, समोर उभं राहून. हलका वास येऊन ओसरला तर ठीक. प्लॅस्टिक जळल्याचा वास, ठिणगी किंवा हाताला गरम लागणारा प्लग, यांतलं काहीही दिसलं तर लगेच बंद. आणि हंगाम संपल्यावर गोणपाटात बांधू नका, तुमच्या वेटोळ्यांवरचा तो कापूस बहुधा तागाचाच आहे. पुसून, उन्हात वाळवून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून खोक्यात ठेवा.