स्मृतिभ्रंशाच्या प्रत्येक रुग्णाची ऑटोअँटीबॉडी तपासणी व्हावी का?

चौकस :
वयस्क माणूस विसरू लागला की घरचे मनाने हात टेकतात आणि पुष्कळदा डॉक्टरही "वयाप्रमाणे चालायचेच" म्हणून मोकळे होतात. माझे मत असे आहे की, अल्झायमरचा शिक्का मारण्यापूर्वी प्रत्येक रुग्णाची ऑटोअँटीबॉडींसाठी, म्हणजे शरीराने स्वतःच्याच घटकांविरुद्ध तयार केलेल्या प्रतिद्रव्यांसाठी, तपासणी सक्तीची करावी.

माझे मामा चौसष्टाव्या वर्षी पाच-सहा आठवड्यांत घरातल्यांची नावे विसरू लागले. त्यांचा उजवा हात आणि तोंडाची उजवी बाजू क्षणभर एकदम आखडायची, हातातला कप निसटायचा, आणि दुसऱ्याच क्षणी ते काही झालेच नाही अशा चेहऱ्याने सांडलेल्या चहाकडे पाहत राहायचे. दिवसातून वीस-पंचवीस वेळा हे होई. रक्तातले सोडियम कमी आले, त्याचे खापर रक्तदाबाच्या गोळीवर फुटले. तीन महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी एलजीआय-१ या प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी शोधल्या. हे प्रथिन दोन चेतापेशींच्या सांध्यावर दोन्ही बाजूंना जोडून ठेवण्याचे काम करते. तो दुवा अँटीबॉडींनी तोडला की स्मरणशक्तीचे केंद्रच डळमळते. स्टेरॉइड सुरू झाल्यावर झटके थांबले आणि स्मरणही बरेच परतले, मात्र त्या तीन महिन्यांतले त्यांना आजही काही आठवत नाही.

हा अपवाद म्हणून सोडून देता येणार नाही. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रायॉन रोगाच्या, म्हणजे बिघडलेल्या प्रथिनामुळे मेंदू झपाट्याने नष्ट करणाऱ्या असाध्य आजाराच्या, संशयावरून मृत्यूनंतर तपासलेल्या ११०६ मेंदूंपैकी ३५२ मध्ये प्रायॉन सापडलाच नाही. त्यांतल्या ७१ जणांना उपचार होऊ शकला असता असा आजार होता, आणि त्यांपैकी २६ जणांचा आजार प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून आलेला होता. त्यांचे निदान शवविच्छेदनाच्या टेबलावर झाले, खाटेवर नाही.

साक्षेपी :
आपल्या मामांचे वाचून वाईट वाटले, तरीही आपण सांगितलेली हकीकतच आपल्या मागणीच्या विरोधात जाते असे मला वाटते. पाच-सहा आठवड्यांची घसरण, एकाच बाजूच्या हाताला आणि चेहऱ्याला येणारे झटके, कमी सोडियम : या तीन खुणा ज्याला ओळखता येतात, त्याला सरसकट तपासणीची गरज नाही, आणि ज्याला ओळखता येत नाहीत, त्याच्या हाती आलेल्या अहवालाची मला जास्त भीती वाटते. ते ११०६ मेंदूसुद्धा झपाट्याने ढासळलेल्या रुग्णांचे होते, वर्षानुवर्षे हळूहळू विसरत गेलेल्यांचे नव्हते.

आता थोडे गणित. समजा, एखादी चाचणी शंभरात एकालाच चुकून पॉझिटिव्ह दाखवते आणि हजार रुग्णांत खरा आजार एकालाच आहे. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. हजारांच्या तपासणीत साधारण दहा खोटे पॉझिटिव्ह आणि एक खरा हाती लागेल. एनएमडीए रिसेप्टर या चेतापेशींवरच्या, संदेश टिपणाऱ्या प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी तर निरोगी माणसांच्या रक्तातही आढळतात आणि वयाबरोबर वाढतात. त्यांतल्या बऱ्याच आयजीए किंवा आयजीएम प्रकारच्या असतात. २००७ मध्ये ज्या मेंदूदाहाची ओळख पटली, तो घडवतात त्या मात्र आयजीजी प्रकारच्या, आणि त्या पाठीतल्या पाण्यातही, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातही, सापडतात. केवळ रक्ताच्या अहवालावर विसंबणे म्हणून धोक्याचे.

ही भीती काल्पनिक नाही. ऑटोइम्यून, म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे होणाऱ्या, मेंदूदाहाचे चुकीचे निदान झालेल्या १०७ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यांतल्या साधारण पाचव्या हिश्श्याला प्रत्यक्षात मेंदू झिजण्याचाच आजार होता, आणि चुकीच्या निदानामागचे एक कारण थायरॉइडच्या अँटीबॉडींना नको तितके महत्त्व देणे हे होते. अशा रुग्णांना दिलेल्या स्टेरॉइडने साखर चढते, हाडे ठिसूळ होतात, झोप उडते आणि आधीच गोंधळलेला माणूस अधिक गोंधळतो.

चौकस :
आयजीए आणि आयजीजीचा मुद्दा मान्य. माझ्या मागणीत तो भेद यायला हवा होता. परंतु त्या १०७ जणांना लक्षणे नीट न तोलता केलेल्या निदानाने फसवले; तो दोष चाचणी सर्वांना केल्याचा नव्हे. शिवाय दोन चुका सारख्या नसतात. स्टेरॉइड थांबवता येते, पण उपचाराविना गेलेल्या महिन्यांत आकसलेला हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतले स्मरणाचे केंद्र, पुन्हा भरून येत नाही.

उंबरठा :
आपण दोघेही अँटीबॉडी एक तर गुन्हेगार, नाही तर निरपराध असे धरून बोलत आहात, आणि या विषयातला खरा पेच तिथेच निसटतो.

आयग्लॉन-५ या चेतापेशींवरच्या प्रथिनाशी जोडलेला आजार घ्या. त्याचे वर्णन २०१४ मध्ये झाले. झोपेत विचित्र हालचाली, घोरणे, गिळण्याचा त्रास, पुढे स्मृतिभ्रंश. रक्तात आयग्लॉन-५ विरुद्धच्या अँटीबॉडी, आणि शवविच्छेदनात अनेकांच्या मेंदूत टाऊ प्रथिनाचे साठे, म्हणजे झिजेच्या आजाराची खूण. आधी अँटीबॉडी की आधी टाऊ? उंदरांच्या चेतापेशींवरचे प्रयोग अँटीबॉडीकडे बोट दाखवतात, पण उपचाराने सुधारणा मात्र बेताचीच होते.

अल्झायमरमध्ये तर चित्र उलटेच दिसते. अमायलॉइड या अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी निरोगी वृद्धांच्या रक्तातही असतात, आणि आडुकानुमॅब हे औषध अशाच वृद्धांच्या पेशींतून शोधले गेले. २०२१ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली, २०२४ मध्ये ते बाजारातून मागे घेतले गेले. दात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडी एकत्र करून अल्झायमरच्या रुग्णांना टोचण्याचा मोठा प्रयोग मात्र २०१३ मध्ये फसला. मेंदूच्या रक्तवाहिन्यांत अमायलॉइड साचलेल्या काही रुग्णांत याच जातीच्या अँटीबॉडी स्वतःहून वाढतात आणि सूज आणतात. सफाई कामगारानेच घर पेटवावे, तसे हे. अहवालातला 'पॉझिटिव्ह' हा शब्द यांपैकी नेमके काय घडते आहे ते सांगत नाही.

साक्षेपी :
उंबरठा यांनी माझ्याच शंकेला धार आणली. तपासणी कोणाची करावी, याचा निकष मी मांडतो : घसरण तीन महिन्यांच्या आत झालेली असावी, किंवा झटके, नव्याने आलेला मनोविकार, कमी सोडियम, एमआरआयमध्ये कानशिलाच्या आतल्या भागात सूज, किंवा पाठीतल्या पाण्यात वाढलेल्या पांढऱ्या पेशी यांपैकी काही असावे. २०१६ च्या आंतरराष्ट्रीय निकषांचा रोखही साधारण असाच आहे. काही रुग्ण या चाळणीतून निसटतील, विशेषतः झटके न येता हळू सुरू होणारे, हे मी नाकारत नाही.

चौकस :
तेच निसटणारे माझ्या डोळ्यांसमोर आहेत, म्हणून सरसकट तपासणीची मागणी मी पूर्ण सोडत नाही. फक्त ती रक्तापुरती न ठेवता पाठीतल्या पाण्यासह व्हावी, एवढी दुरुस्ती करतो. मात्र एक कबूल करतो. मामांना पहिल्यांदा तपासणाऱ्यांनी आम्हाला "केव्हापासून विसरतात?" एवढेच विचारले, आणि आम्ही "बरेच दिवस" म्हणालो. "दोन महिन्यांपूर्वी ते घरचा हिशेब स्वतः लिहीत होते का?" असे विचारले असते, तर आम्ही "हो, पै न पै" म्हणालो असतो.