चरित्र, चरित की चारित्र्य?

दर्यापूरकर : वाचनालयाच्या स्मरणिकेत संस्थापकांवर दोन पानांचा लेख येतो आहे. मजकुरात एका जागी 'जीवनी', दुसरीकडं 'जीवन चरित्र', आणि शेवटी 'त्यांचे चरित्र निष्कलंक होते'. यातलं काय ठेवावं?

मोर्शीकर : भाऊ, 'जीवनी' हिंदीची, ती काढा. 'जीवनचरित्र' चालतं, पण जोडून लिहा. तिसऱ्या जागी 'चारित्र्य' हवं. हिंदीत शीलालाही 'चरित्र' म्हणतात, म्हणून आपल्या भागात हा घोळ फार. पोलीस पडताळणी करतात ती चारित्र्याची, चरित्राची नाही.

व्युत्पत्ती गमतीची आहे. 'चर्' म्हणजे चालणं. त्याला पाणिनीनं साधन दाखवणारा 'इत्र' प्रत्यय सांगितला. खणायचं ते खनित्र, कापायचं ते लवित्र, तसं चालायचं ते चरित्र. म्हणजे चक्क पाय! ऋग्वेदात (1.116.15) लढाईत विश्पला नावाच्या स्त्रीचं 'चरित्र' तुटतं आणि अश्विनीकुमार तिला धातूची तंगडी बसवतात. पुढं अर्थ चालीवरून चालचलणुकीवर आणि तिच्या हकिकतीवर सरकला. 'चरित' म्हणजे जे आचरलं ते. बाणाचं 'हर्षचरित' सातव्या शतकातलं.

वरूडकर : मराठीतलं पहिलं चरित्र, 'लीळाचरित्र', तर आपल्या मोर्शी तालुक्यातलं, रिद्धपूरचं. म्हाइंभटांनी 1278च्या सुमारास चक्रधरस्वामींच्या लीळा ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना विचारून लिहिल्या. मूळ पोथी धामधुमीत गेली, मग आठवणीतून पुन्हा पाठ जुळवले. जिथं आठवणी जुळल्या नाहीत तिथं 'शोधु' लिहून दुसरा पाठ ठेवला, कोणाचा तेही नोंदवलं. दोन म्हातारे दोन गोष्टी सांगत असतील तर स्मरणिकेतही असंच करा; मधली गोष्ट आपल्या मनानं शिवू नका.

दर्यापूरकर : जन्मतारखेचाच वाद आहे. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात 1 जुलै आहे.

वरूडकर : ती बहुधा गुरुजींनी अंदाजे टाकलेली. त्या काळी पोराला वयाचा हिशेब लावून शाळा सुरू व्हायची तारीख देऊन टाकत. तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल काढा. तिथं पोराचं नाव बहुतेक नसतंच, बापाचं नाव आणि 'मुलगा' एवढंच. म्हणून सगळ्या भावंडांच्या नोंदी काढून क्रम लावा, नाहीतर थोरल्याची तारीख धाकट्याला चिकटते. तरीही मेळ बसला नाही तर दोन्ही तारखा छापा, कुठून घेतल्या ते लिहा.

मोर्शीकर : आणि दोन पानांच्या लेखाला 'चरित्र' हे मथळ्यात जड होतं. 'परिचय' लिहा.